खोट्या सोयऱ्यांची पेटी

९ फेब्रुवारी

चि. बाळ,

आशीर्वाद. सत्तरीला टेकलेल्या माणसाला 'चिरंजीव' आणि वर 'बाळ' लिहिताना पेन अडखळतं. पण घरात तुला दुसरी हाक कधी कोणी मारली नाही, आणि आज नवी सवय लावून घेण्याइतकी मी तुझ्यावर खूश नाही.

मी बरी आहे. गुडघा होता तसाच आहे. स्वयंपाकघरातला नळ गळत होता. प्लंबर तीनदा येऊन 'वॉशर गेलाय' एवढं सांगून गेला, चौथ्यांदा वॉशर घेऊन आला. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी कुत्रा पाळला आहे. तो त्यांच्यापेक्षा कमी भुंकतो. झालं, माझी खुशाली संपली.

तुझं पुस्तक मंगळवारी टपालाने आलं. 'मामा : एका शब्दाचा विश्वप्रवास'. मागे तुझा फोटो आहे, हनुवटीला हात लावून तू विचार करतो आहेस. असा विचार करताना मी तुला आजवर पाहिलेलं नाही. आत पहिल्याच पानावर छापलं आहेस : 'हे पुस्तक माझ्या थोरल्या भगिनीच्या आयुष्यभराच्या संशोधनावर उभे आहे.' हे वाचून माझ्या शेजारणीने माझं अभिनंदन केलं. मी तिला दारातूनच परत पाठवलं. बिचारीचा काही दोष नव्हता.

बाळ, त्या पेटीवर लाल पट्टी होती.

चार वर्षांपूर्वी माझ्या कपाटावरून ती पेटी काढून तू म्हणालास, "ताई, जरा वाचायला नेतो." मी आत चहा करत होते. बाहेर येईपर्यंत पेटी तुझ्या गाडीत होती. तेव्हा एक शब्द विचारला असतास, 'ही लाल पट्टी कसली?', तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती. पण विचारणं हा तुझा स्वभाव नाही. तू नेतोस.

आता ऐक. मी काम करत असे त्या शब्दकोशाच्या ऑफिसात एखाद्या शब्दाचं मूळ शोधायला बसलं की खरं मूळ सापडायच्या आधी दहा खोटी सापडतात. दिसायला साजरी, कानाला गोड. आम्ही ती फेकत नसू. फेकली की पाच वर्षांनी दुसरा कोणी तीच मोठ्या आनंदाने पुन्हा शोधून काढतो आणि पेढे मागतो. म्हणून प्रत्येक खोट्या मुळाचं एक कार्ड करायचं. पुढच्या बाजूला मूळ लिहायचं, मागच्या बाजूला ते खोटं का आहे ते लिहायचं, आणि कार्ड लाल पट्टीच्या पेटीत टाकायचं. नवीन माणूस कामाला लागला की आधी ती पेटी वाचायची, म्हणजे तो फसत नाही. आम्ही तिला 'खोट्या सोयऱ्यांची पेटी' म्हणत असू. सोयरे म्हणवून घरात शिरतात, पोटभर जेवतात, आणि नेमकं नातं विचारलं की हात धुवायला उठतात, तसले.

तू ते सगळे सोयरे घरात घेतलेस आणि त्यांना माझं आडनाव दिलंस.

एकही कार्ड उलटून पाहिलं नाहीस. एकही! पान चाळीसवर तू लिहितोस की मूल आईला पाहून 'मम' म्हणतं, संस्कृतातलं 'मम', म्हणजे 'माझी', आणि हा उद्गार आपल्याकडून साऱ्या जगात गेला. त्या ओळी माझ्याच आहेत. जेवणाच्या सुट्टीत लिहिल्या होत्या. मागच्या बाजूला काय लिहिलं होतं ठाऊक आहे? 'गोड आहे, म्हणून जास्त घातक. नऊ महिन्यांच्या मुलाला षष्ठी विभक्ती येत नाही.' संपादक त्यावर खो खो हसले होते. आता लोक तुझ्यावर हसतील, आणि तुझ्या नावाआधी माझ्या.

जॉर्जियन भाषेत मामा म्हणजे बाप. तू लिहितोस, 'तेथे अर्थ भरकटला.' भरकटला! त्यांनी काय तुझ्या परवानगीने बोलायला सुरुवात केली होती? तुर्कांकडे मामा म्हणजे बाळाचा मऊ खाऊ. जपानी मूल खाऊ मागताना 'मान्मा' म्हणतं, आपलं 'मंमं' म्हणतं, आणि दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. लॅटिनमध्ये मम्मा म्हणजे आईचं स्तन. आपल्याकडे मामा हा आईचा भाऊ. चिनी भाषेत नुसता 'मा' आवाजाच्या चढउताराप्रमाणे आई होतो, ताग होतो, घोडा होतो, नाहीतर खडसावणं होतो. यातला चौथा अर्थ या पत्राला लागू आहे.

यातले बहुतेक एकमेकांचे कोणी लागत नाहीत. ओठ मिटले आणि उघडले की 'म' निघतो, एवढंच आहे ते. मूल कोणालाही हाक मारत नसतं. भोवतालची मोठी माणसं धावत येतात आणि ज्याला त्याला वाटतं, मलाच बोलावलं. कुठे तो आवाज आईने उचलला, कुठे बापाने, कुठे वाटीतल्या खाऊने. जो समोर होता त्याचा झाला. यात 'विश्वप्रवास' कुठे आला? कोणी कुठे गेलं नाही, तू सोडून. तू व्याख्यानांना जातोस.

प्रकाशकांना मी फोन केला होता. दुसरी आवृत्ती पुढच्या महिन्यात छापायला जाणार आहे म्हणे. त्यातून माझं नाव काढ. 'भगिनी' काढ, 'संशोधन' काढ. तू वाटेल ते छाप, तुझी हौस आहे, पण माझ्या नावावर नको. एवढं एक नाव मी स्वतः कमावलं आहे.

पहिल्या प्रकरणाबद्दल आत्ता काही लिहीत नाही.

ताई

ता. क. पेटी परत पाठव. पार्सलने नको, कोणाच्या तरी हाती.


१७ फेब्रुवारी

चि. बाळ,

परवा तुझा फोन आला. तू काय काय बोललास ते मी इथे लिहून काढते, कारण तू ते आतापर्यंत विसरला असशील.

"ताई, अगं लाल म्हणजे महत्त्वाचं, असंच वाटलं मला."

"आगगाडी येत असली की लाल दिवा दिसतो, तेव्हाही तुला महत्त्वाचं वाटून पुढे जातोस का?"

"तू ना! लोकांना किती आवडलंय माहितीय? प्रकाशनाला हॉल भरला होता. बाहेर खुर्च्या टाकाव्या लागल्या."

"सर्कशीलाही टाकतात."

"बरं बाई, काढतो नाव. झालं समाधान?"

इतक्या लगेच? मी भांडायची तयारी करून बसले होते. नाव काढतो म्हणालास ते जणू ताटातली मिरची बाजूला काढतोस तसं. आणि मग जाता जाता विचारलंस, "आणि पहिल्या प्रकरणाचं काय म्हणत होतीस?" मी म्हटलं, दूध उतू जातंय, आणि फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतं. गॅसवर काहीच नव्हतं.

आता सांगते. फोनवर मला जमणार नाही. तू मध्ये मध्ये हसतोस.

पान नऊ. तू लिहिलं आहेस : 'माझा पहिला शब्द होता मम्मा. आईच्या मांडीवर बसून मी तो उच्चारला आणि कित्येक महिने अंथरुणाला खिळलेली माझी आई उठून बसली. त्या एका शब्दाने आमचे घर सावरले. थोरल्या बहिणीला शिक्षणाची विलक्षण ओढ. त्याच वर्षी ती कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये दाखल झाली.'

सुंदर. एखाद्याला वाटेल तू तिथे होतास.

तू होतास, पण नऊ महिन्यांचा होतास. मी अकरा वर्षांची होते, आणि मला त्या खोलीच्या खिडकीचा तुटका आडणाही आठवतो. तू झाल्यावर आई मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजली ती निजलीच. रडायची नाही, बोलायची नाही, तुला जवळ दिलं तर हात बाजूला करायची. आज त्याला नाव आहे, औषध आहे. तेव्हा नुसतं 'तिला बरं नाही' एवढं होतं. बाबा गोदामावर सकाळी जायचे ते दिवेलागणीला यायचे. आत्या दुपारपुरती येऊन स्वयंपाक करून जायची. बाकी तू माझा. माझी शाळा सुटली. म्हणजे मी सोडली नाही, ती सुटली. बाटली उकळायची, लंगोट धुवायचे, तुला खांद्यावर टाकून या दारापासून त्या दारापर्यंत चालायचं. तू रात्री दोनदा उठायचास आणि मी तीनदा, एकदा उगाच, तू श्वास घेतो आहेस का बघायला.

त्या दिवशी आत्याने आईला आग्रह करून खुर्चीत बसवलं होतं, दाराजवळ, उन्हाला. मी जमिनीवर बसून तुला दुधात बिस्किट कालवून भरवत होते. वाटी पुन्हा भरायला उठले तर तू दोन्ही हात माझ्याकडे पसरलेस आणि म्हणालास, "मम्मा."

आत्या खळखळून हसली. "अगं बाई! याने तर आईच बदलली की!"

ती थट्टा होती. आत्याच्या मनात काही नव्हतं, तिच्या मनात कधीच काही नसे, म्हणूनच तर ती तोंडाला येईल ते बोलायची. पण आई उठली. कोणाचाही हात न धरता उठली, चालत आली, आणि तुला माझ्या हातातून घेतलं. तू घाबरून किंचाळलास. वाटी उपडी झाली, दूध माझ्या परकरावर. आत्या नाचायचीच बाकी राहिली, "उठली! वहिनी उठली!" बाबा आले, त्यांना सांगितलं, तेही खुर्चीत बसून रडले. घरात इतका आनंद मी त्यापूर्वी पाहिला नव्हता. त्यात मी परकर धुवायला गेले ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

महिन्याच्या आत पत्र्याची ट्रंक आली. बाबा म्हणाले, "इंग्रजी शिकशील. मोठी होशील." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी आत्याला विचारलं, मी काय केलं? ती माझे केस विंचरत होती. म्हणाली, "काही नाही गं राणी. तू जवळ असलीस की तो आईकडे जात नाही ना. मग तिला पुन्हा बरं वाटायचं नाही. तू शहाणी आहेस." शहाणी म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. ज्याला घालवून दिलं तरी जो ओरडत नाही तो.

बोर्डिंगमध्ये सगळ्या सिस्टर आणि त्यांच्यावर एक मदर. घरी होते तेव्हा मी एकाची सिस्टर होते. इथे डझनभर होत्या आणि त्यातली एकही कोणाची बहीण नव्हती. वाईट नव्हत्या त्या. त्यांनी मला इंग्रजी वाचायला शिकवलं, आणि आवाज न चढवता माणसाला जमिनीत कसं गाडायचं तेही शिकवलं, ज्याचा तुला अनुभव आहे. पहिल्या सुट्टीत आईने कळवलं, प्रवास लांबचा आहे, राहू दे. दुसऱ्या सुट्टीत घरी आले तेव्हा तू आईच्या पदराआड लपलास आणि विचारलंस, "ही कोण?" आई म्हणाली, "ताई आहे ती. नमस्कार कर." पाहुण्याला करतात तसा तू केलास.

आता मन लावून वाच, कारण तू इथेच गडबड करशील आणि तिसऱ्या आवृत्तीत लिहिशील की 'माझी ताई हीच माझी पहिली आई'. खबरदार. तू मला आई म्हणाला नाहीस. माझ्याइतकं हे कोणाला ठाऊक असणार? तुला भूक लागली होती आणि वाटी माझ्या हातात होती. मी तो शब्द कोशात मागून घेतला, त्याच्यावर वर्षानुवर्षं बसले, जगभरातून कार्डं जमवली, आणि शेवटी हेच निघालं की त्या आवाजात कोणाचंच नाव नसतं. हे कळल्यावर मला शांत वाटायला हवं होतं. उलट राग दुप्पट झाला. म्हणजे मला घालवलं ते एका भुकेल्या पोराच्या ओठांच्या हालचालीपायी! तो शब्द मला नको होता रे. आईने दहादा घ्यावा. मला घर हवं होतं.

मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. कोण म्हणतं? ज्यांना धरायला काही नसतं ते.

आईचं मी समजू शकते. ती आजारी होती, बुडत होती, हाताला लागलं ते तिने धरलं. तुझं मला समजत नाही. तू धडधाकट आहेस, पेन्शन घेतोस, सकाळी फिरायला जातोस. तू टेबलाशी बसून 'शिक्षणाची विलक्षण ओढ' असं लिहिलंस. मला ओढ नव्हती, बाळ. मला ढकललं होतं.

ते वाक्य काढ. माझ्या नावाचं एक वेळ राहू दे, लोक हसतील ते हसतील. पण पान नऊवरचं वाक्य दुसऱ्या आवृत्तीत दिसता कामा नये. त्याच्या जागी काय लिहायचं ते तुझं तू ठरव. काहीच लिहू नकोस, तेही चालेल.

ताई


२६ फेब्रुवारी

बाळ,

आज आशीर्वाद नाही.

काल तुझ्या बायकोचा फोन आला. तू स्वतः केला नाहीस, तिला पुढे केलंस. ती भली आहे, तिला वाटतं गोड बोललं की सगळं मिटतं.

"वन्सं, नाव काढलंय हं त्यांनी. प्रकाशकांना माझ्यासमोर फोन केला."

"आणि पान नऊ?"

"ते तेवढं राहू दे ना. एक ओळ तर आहे. काढली तर लोक विचारतील, मग सगळं निघणार. आईंचं नाव उगाच खराब होईल. आणि त्या बिचाऱ्या शेवटी शेवटी त्यावरून किती रडल्या."

मी म्हटलं, "कशावरून?"

पलीकडे टीव्ही चालू होता, तो कोणीतरी बंद केला. तूच केला असशील.

"कशावरून गं?"

"तुम्हाला... यांनी सांगितलं नाही?"

मग तिने सांगितलं. घाबरत, तुटक तुटक, पण सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस. या घरात खरं बोलणारं माणूस एवढ्या वर्षांनी एक निघालं.

म्हणजे आईने तुला सांगितलं होतं. शेवटच्या आजारात, शुद्धीत असताना, तुझा हात धरून. 'पोरीला मी घालवली. तिला सांग.' तुझ्या बायकोला एवढंच आठवतं. पुढेही आई काही म्हणाली होती म्हणे, पण तुझी बायको तेव्हा औषध आणायला गेली होती. तू होतास. तू म्हणालास, "हो आई, सांगतो."

मला निरोप दोन दिवसांनी मिळाला, 'लवकर ये' म्हणून. मी पोचले तेव्हा तिची वाचा गेली होती. मी तिच्या उशाशी संध्याकाळपर्यंत बसले. ती माझ्याकडे बघत होती आणि ओठ हलवत होती, आणि मी, ओठांवरून शब्द ओळखण्यात जन्म घालवलेली बाई, मला वाटलं ती पाणी मागते आहे. मी तिला चमच्याने पाणी पाजत राहिले. तिने तोंड फिरवलं. मला वाटलं, तेच. तेच जुनं भिंतीकडे तोंड. मी तशीच उठून आले, आणि तिला अग्नी दिला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं. नातेवाइकांत त्याची चर्चा झाली. तू ती ऐकलीस. आणि गप्प राहिलास.

तू त्याच खोलीत होतास, बाळ! दाराला टेकून उभा होतास. मला विचारलंस, "ताई, चहा घेतेस?"

तेव्हापासून किती वेळा भेटलो आपण? किती लग्नं, किती वाढदिवस, माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन, तुझ्या मोतीबिंदूचं. समोरासमोर बसून तू मला हवापाण्याच्या गप्पा सांगितल्यास. तुझी बायको म्हणते, "त्यांना वाटलं, तुम्हाला उगाच त्रास." त्रास! माझ्या त्रासाची काळजी तू अशी केलीस की माझी वस्तू खिशात घालून फिरलास, आणि मग मजेत बसून लिहिलंस, शिक्षणाची विलक्षण ओढ. तुला माहीत नसताना लिहिलं असतंस तर मी तुला मूर्ख म्हणून सोडून दिलं असतं. मूर्ख माझे लाडके आहेत, मी त्यांच्यासाठी शब्दकोश केला. पण तुला माहीत होतं.

पेटी नेलीस, नेलीस. ती रद्दीच होती, आमचीच. निरोप माझा होता. त्याच्यावर माझा पत्ता होता आणि तो तुझ्या हाती दिला होता.

आवृत्तीचं आता मला काही पडलेलं नाही. नाव ठेव, काढ, सोन्याच्या अक्षरांत छाप. वाक्यही ठेव. लोकांनी काय वाचायचं ते त्यांनी ठरवावं. मला दुसरं हवं आहे.

कागद घे. आई त्या दिवशी जे बोलली ते पहिल्यापासून शेवटपर्यंत लिही. तुझ्या भाषेत नको. 'माऊलीचे अश्रू' वगैरे एक जरी शब्द आला तरी पत्र परत येईल. ती 'पोरीला' म्हणाली की 'ताईला' म्हणाली, की माझं नाव घेतलं, ते लिही. 'घालवली' म्हणाली की 'धाडली'. मध्ये थांबली असेल तर थांबली असं लिही. तू काय उत्तर दिलंस तेही लिही, मला आवडणार नाही तरी. जे आठवत नसेल तिथे भर घालू नकोस. जागा कोरी सोड. तिने एखादं वाक्य अर्धं टाकलं असेल तर ते मला अर्धंच हवं.

फोन करू नकोस. भेटायला येऊ नकोस. रडू तर मुळीच नकोस. तू रडलास की सगळे तुझ्याकडे धावतात आणि ज्याचं सांडलं तो राहतो बाजूला. फक्त लिही आणि आजच्या आज टपालपेटीत टाक.

आमच्याकडे टपाल दुपारी येतं.

रागावलेली, आणि उद्यापासून रोज दुपारी दारात उभी राहणार असलेली,

ताई